एका लिटर सांडपाण्याला तेहतीस लिटर नदी

नाग नदीला स्वतःचं म्हणावं असं पाणी असतं ते पावसाळ्यात. दिवाळी उलटली की शहरातल्या पात्रात जे वाहतं, ते बहुतेक नागपूरकरांच्या मोऱ्या, न्हाणीघरं आणि संडासांतून आलेलं असतं. मे महिन्यात तर सांडपाणी मिसळायला नदीच नसते. आपण जे सोडू, तीच नदी.

याचा हिशेब ऑक्सिजनमध्ये मांडता येतो. सांडपाण्यातली घाण जिवाणू खातात आणि खाताना पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन वापरतात. एक लिटर पाण्यातल्या घाणीपायी ठरावीक मुदतीत किती मिलिग्रॅम ऑक्सिजन खर्च होतो, तो आकडा म्हणजे बीओडी. घरगुती सांडपाण्याचा बीओडी साधारण २०० ते ३०० असतो. आणि ३० अंशांच्या स्वच्छ पाण्यात ऑक्सिजन मावतो लिटरमागे जेमतेम साडेसात मिलिग्रॅम! २५० ला साडेसातने भागून पाहा. एका लिटर सांडपाण्यापायी तेहतीस लिटर स्वच्छ पाण्यातला सगळा ऑक्सिजन संपतो. माशांना श्वासापुरताही उरत नाही. हवेतून नवा ऑक्सिजन विरघळत राहतो खरा, पण संथ पाण्यात फार हळू. त्यात आपला उन्हाळा. १० अंशांच्या पाण्यात सव्वाअकरा मिलिग्रॅम ऑक्सिजन राहू शकतो. पाणी तापलं की तो घटतो आणि जिवाणूंची भूक मात्र वाढते.

बीओडीची मूळ ब्रिटिश चाचणी पाच दिवसांची. तिथल्या नद्यांचं पाणी पाच दिवसांत समुद्राला मिळतं, म्हणून ही मुदत ठरली असं सांगतात. आपल्याकडे ती २७ अंशांवर तीन दिवस करतात. पण नागच्या पाण्याला समुद्र जवळ नाही. कन्हान, वैनगंगा, प्राणहिता, गोदावरी एवढी वाट पुढे आहे, आणि त्याआधीच पवनीजवळ गोसीखुर्दच्या धरणात ते अडतं. आपली घाण पुढच्या गावांच्या आणि मासेमारांच्या पाण्यात जाऊन साचते.

नागपुरातल्या भांडेवाडीच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात जे होतं, ते नदीनेही केलं असतं, फक्त खूप वेळ घेऊन. टाकीत ब्लोअरने, म्हणजे हवा ढकलणाऱ्या यंत्राने, हवा सोडतात, जिवाणू घाण खाऊन वाढतात, मग त्यांचा गाळ खाली बसतो आणि वरचं पाणी निवळतं. यातली खरी युक्ती १९१४ मध्ये मँचेस्टरच्या एडवर्ड अर्डर्न आणि विल्यम लॉकेट यांनी जगापुढे मांडली. खाली बसलेला गाळ त्यांनी फेकला नाही. त्यावरच नवं सांडपाणी ओतून पुन्हा हवा दिली. पहिल्या वेळी ज्या कामाला आठवडे लागले, ते गाळ साठत गेल्यावर काही तासांवर आलं. त्या गाळात भुकेले जिवाणू आधीच तयार असतात. अशा पद्धतीने बीओडी दहावर आणला, तर तेहतीस लिटरचा हिशेब सव्वा-दीड लिटरवर येतो. वीजबिलाचा मोठा भाग ब्लोअर खातात, आणि ते बंद पडले की टाकीतले जिवाणू गुदमरतात. म्हणून केंद्र बांधलं जाण्याइतकंच ते रोज चालणं महत्त्वाचं.

भांडेवाडीचं शुद्ध केलेलं पाणी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला जातं आणि तेवढं पेंच धरणाचं पाणी वाचतं. हा व्यवहार मला मनापासून पटतो. तरी उन्हाळ्यात त्यातला काही वाटा नागच्या पात्रात सोडावा असं वाटतं, कारण तिला दुसरं पाणीच नाही. वस्त्यांमधल्या लहान नाल्यांसाठी नागपूरच्याच नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेचं फायटोरिड तंत्र आहे. त्यात खडी-वाळूच्या थरांतून आणि कर्दळीसारख्या झाडांच्या मुळांतून पाणी हळूहळू झिरपत जातं. वीज फार थोडी लागते. जागा मात्र लागते.

मात्र बीओडी उतरला म्हणून सगळं संपत नाही. पाण्यात फॉस्फरस आणि नायट्रोजन उरतातच, आणि धरणाच्या थांबलेल्या पाण्यात त्यावर जलपर्णी माजते. ते काढायला ऑक्सिजन नसलेला वेगळा टप्पा, जास्त टाक्या आणि कधी रसायनं लागतात. नवीन केंद्रांच्या निविदेतच ही अट घालायला हवी. एकदा बांधकाम झालं की त्याच जागेत हे बसवणं फार महागात पडतं.