खुपरी गेली, आत वळलेल्या पापण्या उरल्या

ऑक्टोबर २०२४ मध्ये भारतातली खुपरी (ट्रॅकोमा, डोळ्यांचा संसर्गजन्य आजार) ‘सार्वजनिक आरोग्याची समस्या’ म्हणून संपली, असं आंतरराष्ट्रीय शिक्कामोर्तब झालं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आग्नेय आशिया विभागात नेपाळ आणि म्यानमारनंतर हा मान मिळवणारा भारत तिसरा देश. बातम्यांचा भर संसर्ग हटल्यावर होता, आणि ते यश मोठंच आहे. पण खुपरीत दृष्टी जाते ती शेवटी पापणीमुळे. लहानपणी वारंवार संसर्ग झाला की वरच्या पापणीच्या अस्तरावर व्रण राहतात. ते आकसतात, पापणीची कडा आत ओढली जाते आणि केस पारपटलावर, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर, घासू लागतात. पारपटल गढूळ झालं की गेलेली दृष्टी सहसा परत येत नाही. संसर्ग थांबला तरी हे आकसणं वर्षानुवर्षं चालू राहू शकतं. त्यामुळे साठीतल्या बाईच्या डोळ्यात आज जे टोचतं, त्याची सुरुवात तिच्या बालपणात झालेली असते.

दुखणं फार जुनं आहे. इसवी सनापूर्वी १५५० च्या सुमाराच्या इजिप्शियन वैद्यकीय गुंडाळीत आत वळलेल्या केसांवर उपाय दिलेले आहेत. आपल्याकडच्या प्राचीन शल्यग्रंथात पापण्यांचे २१ विकार मोजले आहेत. केस आत वळले असतील तर पापणीवरची जवाच्या आकाराची कातडी कापून केसाने टाके घालावेत आणि त्यांची टोकं कपाळावरच्या पट्टीला बांधावीत, अशी कृतीही त्यात आहे.

स्वतंत्र भारतात १९५६ मध्ये पथदर्शी प्रकल्प सुरू झाला. त्यानंतरच्या पाहण्यांत पंजाबात खुपरीचं प्रमाण ७९ टक्क्यांपर्यंत आढळलं. राजस्थान, उत्तर प्रदेश, गुजरात हेही मोठे पट्टे होते. कोरडा, धुळीचा, पाण्याची टंचाई असलेला मुलूख हा या आजाराचा खरा प्रदेश. १९६३ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम आला आणि १९७६ मध्ये तो अंधत्व नियंत्रणाच्या मोठ्या कार्यक्रमात विलीन झाला. तेव्हाचा मुख्य उपाय टेट्रासायक्लिनचं मलम, दिवसातून दोनदा, सहा आठवडे. लहान मुलाच्या डोळ्यात इतके दिवस मलम घालत राहणं किती घरांत जमत असेल, याची कल्पना आई-बापांनाच येईल. अझिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाच्या एका मात्रेने पुढे हे काम सोपं केलं.

ओळखण्याची रीत १९८७ मध्ये एकसारखी झाली. अडीच पट मोठं दाखवणारं भिंग लावायचं, वरची पापणी उलटायची आणि पाच खुणा बघायच्या. त्यातली केसांची खूण अगदी कडक ठेवली होती: एक जरी केस डोळ्याला टेकत असेल, किंवा टेकणारा केस नुकताच उपटल्याची चिन्हं असतील, तरी तो रुग्ण. २०१८ मध्ये ही व्याख्या वरच्या पापणीपुरतीच ठेवली गेली, कारण खालच्या पापणीचे केस खुपरी नसलेल्या भागांतही आत वळलेले आढळतात. मोजणीपुरतं हे ठीक आहे. मात्र खालच्या पापणीचा केस टोचणाऱ्यालाही उपचार लागतातच.

खरा वाद निर्मूलनाच्या अटीवर आहे. मुलांमधल्या संसर्गाच्या मर्यादेबरोबर दुसरी अट अशी, की १५ वर्षांवरच्या लोकांत आत वळलेल्या पापणीचे, ‘आरोग्य यंत्रणेला माहीत नसलेले’ रुग्ण ०.२ टक्क्यांहून कमी हवेत. सगळा गुंता या ‘माहीत नसलेले’मध्ये आहे. ज्याला शस्त्रक्रिया सुचवली आणि त्याने नकार दिला, तो माहीत असलेला. शस्त्रक्रियेनंतर केस पुन्हा वळले, तोही माहीत असलेला. तारीख दिलेला आणि अजून खोळंबलेला, तोही. अटीच्या हिशेबात यांतला कोणीच धरला जात नाही, आणि केस मात्र तिघांनाही टोचत असतो.

या अटीमागचं कारण पोकळ नाही. कोणाला जबरदस्तीने टेबलावर घेता येत नाही. नकार देणारेही धरले, तर काम चोख करणारा देशही अडकून पडेल. शिवाय नवे रुग्ण शोधून त्यांच्यावर उपचार करणारी व्यवस्था चालू असल्याचा पुरावाही देशाला द्यावा लागतो. तरीही नकाराची एकदा नोंद झाली की पुन्हा विचारायला जाण्याची निकड कमी होते, हा धोका मला मोठा वाटतो. नकारामागे कधी सुगी असते, कधी सोबत यायला माणूस नसतो, कधी गावातल्या कुणाचं ऑपरेशन फसलेलं असतं. ही कारणं सहा महिन्यांनी बदलू शकतात. बायकांमध्ये हा विकार अधिक दिसतो, कारण संसर्गाचं घर असलेली लहान मुलं त्यांच्याच अंगाखांद्यावर असतात. घर सोडून निघणंही त्यांनाच अवघड जातं.

चिमट्याने केस उपटण्याकडे बराच काळ तज्ज्ञ तुच्छतेने बघत. इथिओपियात मोजकेच केस वळलेल्या १,३०० जणांवर चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०११ मध्ये आले. दोन वर्षांत केस उपटणाऱ्यांपैकी १३ टक्क्यांत उपाय अपुरा पडला, शस्त्रक्रिया झालेल्यांत २ टक्क्यांत. पण दृष्टीत आणि पारपटलाच्या अवस्थेत दोन्ही गटांत फरक दिसला नाही. अट एवढीच, की चिमटा चांगला हवा आणि उपटणाऱ्याला जवळचं नीट दिसायला हवं. केस मध्येच तुटला तर त्याचं खुंट अधिक बोचतं. शस्त्रक्रिया नको म्हणणाऱ्या बाईच्या सुनेला किंवा नातवाला हे शिकवून चांगला चिमटा हातात देणं हा अर्थातच उपचार आहे.

शस्त्रक्रियेची पद्धतही बदलत गेली. १९९० च्या दशकापासून पापणी आरपार छेदून कडा बाहेर वळवण्याची शिफारस होती. इथिओपियातच १,००० रुग्णांवर झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत आरपार छेदानंतर वर्षभरात २२ टक्क्यांत केस पुन्हा वळले, केवळ आतल्या बाजूने छेद दिल्यावर १३ टक्क्यांत.

भारतात २०१४ ते २०१७ च्या पाहणीत सक्रिय खुपरी ०.७ टक्के आढळली. प्रमाणपत्रासाठी पापण्यांची वेगळी मोजणी लागली. ती पूर्वी खुपरीग्रस्त असलेल्या २०० जिल्ह्यांत २०२१ ते २०२४ मध्ये झाली. त्या जिल्ह्यांच्या याद्यांत ‘नकार’ असा शेरा पडलेल्यांच्या दारी पुन्हा जाण्याचं काम आता स्थानिक नेत्र-सहायकांवर आहे.