चावला की कुत्रा कोणाचाच नसते : मालकाच्या जबाबदारीची पार्श्वभूमी

कुत्रं चावलं तर मालकावर केस होते का, हे आजकाल गावोगाव लोक विचारून राहिले. होते. आणि ही काही आजची गोष्ट नाही, इंग्रजांच्या काळापासून होते. १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम २८९ होतं, ते जनावर ताब्यात असलेल्या माणसासाठीच लिहिलेलं. जाणूनबुजून किंवा हयगयीनं जनावराचा बंदोबस्त केला नाही आणि त्याच्यापासून माणसाच्या जिवाला किंवा जबर दुखापतीचा धोका संभवत असला, तर ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तेच कलम आता २९१ झालं, दंड ५००० पर्यंत गेला, कैद होती तेवढीच राहिली. म्हणजे १८६० मधले हजार रुपये, जे तेव्हा भल्याभल्यांना जड गेले असते, ते १६० वर्षं तसेच हजारच होते.

या कलमाबद्दल एक गोष्ट लोकांना माहीत नसते. कुत्रं चावलंच पाहिजे असं त्यात नाही, धोका संभवतो एवढं पुरेसं आहे. प्रत्यक्ष चावलं तर दुखापतीचं कलम वेगळं लागतं, जुनं ३३७ किंवा ३३८, आता १२५.

भरपाईचा रस्ता दिवाणी कोर्टातून जातो आणि तिथं आपल्याकडे कुत्र्यासाठी वेगळा कायदा नाही, इंग्लंडमधून आलेलं जुनं तत्त्व आणि निष्काळजीपणा यावरच चालतं. ते तत्त्व असं की कुत्रा हा माणसाळलेला प्राणी, म्हणून तो चावरा आहे हे मालकाला आधीपासून माहीत होतं असं दाखवावं लागते, थोडक्यात पहिला चावा माफ. त्याच इंग्लंडमध्ये कुत्र्यानं मेंढरं किंवा गुरं फाडली तर ही अट १८६५ मध्येच काढून टाकली होती, माणसाला चावला तर मात्र अट तशीच. मेंढरामागं मालकाचा पैसा होता म्हणून असेल, पण हे वाचलं तेव्हा मला वाईट वाटलं. आपल्याकडेही १८७१ चा गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा आला, त्यात कोंडवाडा आहे. दुसऱ्याच्या हरभऱ्यात गाय शिरली तर ती कोंडवाड्यात जाते, मालक धावत येते, दंड आणि चाऱ्याचे पैसे भरून सोडवते. गाय माझी नाही असं कोणी म्हणत नाही, कारण गाईला किंमत आहे.

कुत्र्याचं उलटं आहे आणि सगळा घोळ इथंच आहे. कायद्यात शब्द 'मालक' नाही, 'ताब्यातलं जनावर' असा आहे. शहरात पट्टा, साखळी, पालिकेचा परवाना असते, फ्लॅटमध्ये राहणारा कुत्रा कोणाचा हे सगळ्या बिल्डिंगला माहीत असते. मुंबईत २०१० साली रॉटवायलर चावल्याच्या केसमध्ये मालकाला ३ महिन्यांची शिक्षा झाली, निकाल लागायला २०२३ उजाडलं, पण कुत्रा कोणाचा यावर वाद नव्हता. आमच्याकडे खेड्यात काय असते? कुत्रा एकाच्या ओट्यावर झोपते, दुसऱ्याच्या घरी भाकर खाते, रात्री तिसऱ्यासंगं जागलीला जाते कारण रोही (नीलगाय) आणि रानडुकरं तूर ठेवत नाहीत. तो जागलीत भुंकला की सगळे म्हणतात आपला कुत्रा लई इमानी.

मागच्या वर्षी निंदणाहून येताना आमच्या काकूच्या पोटरीला असाच एक कुत्रा लागला. ज्याच्या ओट्यावर तो रोज बसते त्या माणसानं सरळ सांगितलं, "हा आमचा नाही जी, भाकर टाकतो म्हून बसते इथं." झालं, ताबा संपला. काकूची दंडावरची इंजेक्शनं त्याच दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी, म्हणजे चार वेळा काळीपिवळीनं जाणंयेणं आणि चार दिवसांची रोजी बुडाली. इंजेक्शन सरकारी दवाखान्यात फुकट आहे, रोजी फुकट नाही.

भाकर टाकणाऱ्याकडे कुत्र्याचा ताबा आहे असं धरायचं का, या प्रश्नावर सगळ्यात गाजलेला आदेश आपल्याच हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाचा आहे, ऑक्टोबर २०२२ चा. नागपूर आणि आजूबाजूच्या भागात सार्वजनिक जागी मोकाट कुत्र्यांना खायला घालायचं नाही, घालायचंच असंल तर आधी रीतसर दत्तक घ्या, घरी न्या, पालिकेत नोंद करा, नाहीतर प्रत्येक वेळी २०० रुपयांपर्यंत दंड. प्राणीप्रेमी लोकांनी खूप आरडाओरड केली, आणि त्यांचं पूर्ण चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही, कारण भूतदयेनं तुकडा टाकणाऱ्या म्हातारीला मालक ठरवणं जडच आहे. नोव्हेंबरमध्ये सुप्रीम कोर्टानं दत्तक घेण्याच्या सक्तीला स्थगिती दिली आणि खाऊ घालायच्या जागा ठरवा असं पालिकेला सांगितलं. पण खंडपीठानं जो धागा पकडला होता, की ज्याच्या हातचं खाऊन कुत्रा त्याच्याच दारात राहते त्यानं त्याची जबाबदारीही घ्यावी, तो माझ्या मते बरोबर होता, आणि त्याचा सगळ्यात जास्त उपयोग नागपूर शहरापेक्षा खेड्यात झाला असता.

मग मार्च २०२३ मध्ये प्राणी जन्मदर नियंत्रणाचे नवे नियम आले. २००१ च्या नियमात पाळीव आणि रस्त्यावरचे अशी सरळ वाटणी होती, पाळीव कुत्र्याचं लसीकरण, नसबंदी, परवाना मालकाकडे. नव्या नियमात 'सामुदायिक प्राणी' हा शब्द आला, म्हणजे वस्तीत जन्मलेला आणि ज्याच्यावर कोणी मालकी सांगितलेली नाही असा. 'सांगितलेली नाही' हे नीट वाचा. मालकी न सांगणं हाच सुटायचा मार्ग झाला. २०२४ मध्ये केंद्रानं पिटबुलसारख्या २३ जातींवर बंदीचं परिपत्रक काढलं, ते कर्नाटकात कोर्टानं रद्द केलं, त्याचा गावठी कुत्र्याशी संबंध नाहीच. ऑगस्ट २०२५ पासून सुप्रीम कोर्टाचे जे आदेश येऊन राहिले, आधी दिल्लीचे सगळे उचला, मग नसबंदी आणि लस करून परत सोडा, मग नोव्हेंबरमध्ये शाळा, दवाखाने, बसस्टँडवरून हटवा, ते सगळे मोकाट कुत्र्यांचे आहेत. टीव्हीवर तेच दिसते म्हणून लोकांना वाटते की मालकाची जबाबदारीही त्यातच कुठंतरी आली. नाही आली, ती अजून २९१ मध्येच आहे.

आणि २९१ दखलपात्र आहे, म्हणजे कोर्टाला न विचारता पोलीस गुन्हा नोंदवू शकतात, हे पोलिसांनाही सांगावं लागते. ठाण्यात गेलं की एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद, लिहून देतात किंवा आपसात मिटवा म्हणतात. एफआयआर झाला आणि शिक्षा लागली तर नवीन नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या) कलम ३९५ नुसार दंडातून भरपाई देता येते, आणि शिक्षेत दंड नसला तर कोर्ट भरपाईचा वेगळा आदेश करू शकते, म्हणजे बुडालेल्या रोजीचा हिशेब तिथं मांडता येते.

फक्त त्याआधी ताबा दाखवावा लागते, आणि खेड्यात त्याचा कागद एकच असते, पशुवैद्यकीय दवाखान्यातलं रेबीजच्या लसीचं कार्ड, त्याच्यावर आणणाऱ्याचं नाव असते. म्हणजे ज्यानं काळजीनं लस टोचून आणली तो कागदावर सापडते आणि ज्यानं कधीच नेलं नाही तो सुटते. काकूच्या वेळी आम्ही ते कार्ड शोधलं होतं. कुत्र्याला कधी लस दिलेलीच नव्हती, आणि तो अजून त्याच ओट्यावर बसते.