गावशिवेची फेरी आणि चर्चची यात्रा

इंग्लंडच्या खेड्यांत छोट्या गोलाकार यात्रा आता चांगल्याच रुळल्या आहेत. सकाळी एका गावच्या चर्चपासून निघायचं, शेतांच्या कडेच्या पाऊलवाटांनी आसपासच्या दोन-चार चर्चमध्ये थांबत, प्रार्थना करत चालायचं आणि दिवस मावळायच्या आत निघालो तिथंच परत यायचं. कँटरबरीसारख्या लांबच्या यात्रांची ही छोटी आवृत्ती, असं अनेकांना वाटतं. मला मात्र तिचं जवळचं नातं दुसऱ्याच एका प्रथेशी, गावशिवेच्या फेरीशी, दिसतं.

मध्ययुगातली मोठी यात्रा एखाद्या पवित्र स्थळाकडे जाणारी असे. आर्चबिशप थॉमस बेकेट यांची २९ डिसेंबर ११७० रोजी कँटरबरीच्या कॅथेड्रलमध्येच हत्या झाली, ११७३ मध्ये त्यांना संतपद मिळालं आणि त्यांच्या समाधीकडे लोकांची रीघ लागली. नॉरफकमधलं वॉल्सिंगहॅम हे पवित्र मरियेचं असंच मोठं स्थान. आठवा हेन्री तरुणपणी स्वतः तिथं दर्शनाला गेला होता. पण पुढे तो रोमच्या पोपच्या चर्चपासून फुटला आणि १५३६ मध्ये त्याचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने पाद्र्यांना आदेश काढले: यात्रेला जाण्यापेक्षा कामधंदा करून कुटुंब पोसणं देवाला जास्त आवडतं, असं लोकांना शिकवा. १५३८ मध्ये बेकेट यांची समाधी उद्ध्वस्त झाली. वॉल्सिंगहॅमचंही तेच झालं.

चालण्याची एक प्रथा मात्र टिकली. गॉलमधल्या (आजच्या फ्रान्समधल्या) व्हिएन शहरात इ.स. ४७० च्या सुमारास बिशप मामेर्तुस यांनी येशूच्या स्वर्गारोहण दिनाआधीचे तीन दिवस प्रार्थनेच्या मिरवणुका सुरू केल्या होत्या. इंग्लंडमध्ये त्यांना शेतीचं आणि गावशिवेचं रूप आलं. पाद्री आणि गावकरी पॅरिशच्या, म्हणजे एका चर्चच्या अखत्यारीतल्या भागाच्या, हद्दीवरून फेरी मारत, पिकांसाठी प्रार्थना करत, ठरलेल्या झाडाखाली बायबलमधलं शुभवर्तमान वाचत. पोरांना हद्दीच्या दगडांवर आपटत किंवा छड्या मारत, म्हणजे शीव त्यांच्या जन्मभर लक्षात राहावी. आज हे क्रूर वाटतं, पण नकाशे नसलेल्या काळात साक्षीदार असेच घडवले जात. शीव कुठे, यावर चर्चचा दशांश (उत्पन्नाचा दहावा हिस्सा) कोणाला द्यायचा आणि गरिबांना कोणी पोसायचं हे ठरत असे.

म्हणूनच पहिल्या एलिझाबेथने १५५९ मध्ये बाकीच्या धार्मिक मिरवणुका बंद केल्या तरी ही फेरी राखली. पाद्र्याने वाटेत स्तोत्र म्हणावं आणि शेजाऱ्याची हद्द सरकवणाऱ्याला शाप आहे हेही बजावावं, असं तिच्या आदेशात होतं. पुढे १६३० ते १६३३ या काळात सॉल्झबरीजवळच्या बेमर्टनला पाद्री असलेले कवी जॉर्ज हर्बर्ट यांनी या फेरीचे चार फायदे मांडले: पिकांवर आशीर्वाद, हद्दीबाबत न्याय, सोबत चालताना भांडणं मिटणं आणि गरिबांना दान. यातला तिसरा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. मैलभर बरोबर चालल्यावर अबोला धरून राहणं अवघडच.

एकोणिसाव्या शतकात दशांशाचे आणि सरकारी मोजणीचे नकाशे आले, तसं फेरीचं व्यावहारिक कारण सरलं. काही ठिकाणी, उदाहरणार्थ ऑक्सफर्डमध्ये, ती अजून निघते.

आजच्या गोल यात्रांना वाटा मिळाल्या त्या कायद्यामुळे. चर्चला, बाजाराला, शेजारच्या गावाला जाणाऱ्या जुन्या पाऊलवाटांवर लोकांचा हक्क असतोच. १९४९ च्या कायद्याने तो अधिकृत नकाशांवर नोंदवायला लावला. वॉल्सिंगहॅमची अँग्लिकन (इंग्लंडच्या अधिकृत चर्चची) यात्रा त्याआधीच, १९२० च्या दशकात, तिथले पाद्री अल्फ्रेड होप पॅटन यांनी पुन्हा उभी केली होती. २०१४ मध्ये ब्रिटिश पिल्ग्रिमेज ट्रस्ट स्थापन झाला. श्रद्धा कोणतीही असो, चालायला या, अशी त्याची भूमिका आहे आणि एका दिवसाच्या यात्रांवर त्याचा विशेष भर आहे.

गोल आकारामागे आजची गरजही आहे. खेड्यांत बस क्वचितच येते, त्यामुळे गाडी जिथं लावली तिथंच परतावं लागतं. शिवाय उपासकांची संख्या घटल्याने एकाच पाद्र्याकडे पाच-सहा, कधी त्याहून जास्त गावांची चर्च असतात. त्यांना जोडणारी फेरी आखली की एरवी रविवारीही फक्त आपापल्या चर्चमध्ये जाणारे गावकरी शेजारच्या गावाचं चर्च आतून पाहतात, त्याच्या छपराच्या दुरुस्तीला हातभार लावतात.