आई-वडिलांना शुगर, म्हणजे मला होणारच?

‘आमच्यात सगळ्यांनाच आहे, मला चुकणार थोडीच?’ हे वाक्य घराघरांत ऐकू येतं आणि त्या भरवशावर माणसं चालणंही सोडून देतात. हा समज चुकीचा आहे, आणि घातकही.

टाइप २ मधुमेहाचं असं एकच जनुक नसतं. शेकडो जनुकीय फरक धोका थोडाथोडा वाढवतात. त्यांतला ठळक फरक टीसीएफ७एल२ या जनुकातला. तो २००६ साली आइसलँडच्या संशोधकांनी दाखवला. पुढच्याच वर्षी पुण्यातल्या रुग्णांच्या अभ्यासातही तो आढळला. यात स्वादुपिंडातून इन्सुलिन कमी स्रवतं. आई आणि वडील दोघांकडूनही हा फरक आला, तरी धोका साधारण दुप्पट होतो. दुप्पट म्हणजे नक्की नव्हे!

अमेरिकेत साखर सीमारेषेवर असलेल्या तीन हजारांहून अधिक लोकांवर मोठी चाचणी झाली. वजन सात टक्के कमी करणं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम, एवढ्या उद्दिष्टांवर मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. त्यांची जनुकं तपासली, तेव्हा टीसीएफ७एल२च्या दोन्ही धोकादायक प्रती असणाऱ्यांनाही फायदा झालेला दिसला. मला ही गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते.

उलटा समजही तितकाच खोटा: घरात कुणालाच नाही, म्हणून मी सुरक्षित. पोटाचा घेर वाढला, हालचाल थांबली, की त्यांनाही मधुमेह होतो. तिशीनंतर उपाशीपोटी साखर किंवा एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी रक्तचाचणी) तपासून घ्याच. आई-वडिलांना असेल तर नियमित.