३बी१ वर टेक : डबा उघडण्याआधी

तुमच्या हातातल्या डब्यात, ३बी१ या एटी अँड टीच्या जुन्या संगणकावर टेक हा अक्षरजुळणीचा प्रोग्राम चालवण्यासाठी, अकरा फ्लॉप्या आहेत. त्यांतल्या चार यंत्राला लागतात. उरलेल्या सात तुम्ही बहुधा कधीच ड्राइव्हमध्ये घालणार नाही. तरीही "चारच द्या आणि पैसे कमी घ्या" असे कुणी म्हटले, तर आमचे उत्तर नाही असेच असते. तसे का, ते सांगायला हे पत्रक.

आमचे काम न्यू जर्सीत घराच्या बेसमेंटमधून चालते. आम्ही दोघे, नवरा-बायको. गिऱ्हाइकांत निम्म्याहून जास्त मंडळी एटी अँड टी या टेलिफोन कंपनीत किंवा तिच्या बेल लॅब्ज या प्रयोगशाळेत नोकरी केलेली, आणि त्यांतली बरीच मराठी. गॅरेजमध्ये जुन्या चादरीत गुंडाळून ठेवलेले यंत्र मुलगा किंवा सून घेऊन येते आणि विचारते, "हे चालेल का? बाबांचा प्रबंध आहे यात." इंग्रजी पत्रक आहेच, पण बाबा लोक फोनवर जे विचारतात ते मराठीत विचारतात. म्हणून हेही.

तुमचे यंत्र कोणते

एटी अँड टीने १९८५ साली युनिक्स पीसी बाजारात आणला (युनिक्स म्हणजे यंत्र चालवणारी मूळ प्रणाली). बांधणी कॅलिफोर्नियातल्या कन्व्हर्जंट टेक्नॉलॉजीजची. आत मोटोरोलाचा ६८०१० प्रोसेसर, वेग १० मेगाहर्ट्झ, तीन बटनांचा माउस, ७२० बाय ३४८ ठिपक्यांचा पडदा आणि यंत्रातच बसवलेला मोडेम. पहिले मॉडेल ७३००, त्यात मेमरी अर्ध्या एमबीपासून सुरू. मागाहून ३बी१ आले. त्यात उंच हार्डडिस्क बसावी म्हणून झाकणाला उंचवटा दिलेला आहे. मॉनिटरखाली हात फिरवा. उंचवटा लागला तर ३बी१, सपाट उतार लागला तर ७३००. ७३०० असेल तर ऑर्डर देतानाच मेमरी किती आहे ते सांगा. एक एमबीपेक्षा कमी असेल तर आमचा "लहान" संच घ्या, मोठ्याच्या मागे लागू नका.

टेक थोडक्यात

टेक हा अक्षरजुळणीचा प्रोग्राम. स्टॅनफर्डच्या डोनाल्ड कनूथ यांनी १९७७-७८ मध्ये तो लिहायला घेतला आणि पुढे १९८२ च्या सुमारास मुळापासून पुन्हा लिहिला. आज जे वापरतो ते हे दुसरे रूप. पडद्यावर पान दिसत नाही. साधी मजकुराची फाइल लिहायची, मध्येमध्ये आज्ञा घालायच्या आणि टेकच्या हवाली करायची. टेक प्रत्येक अक्षराला चौकट समजतो आणि दोन शब्दांमधल्या जागेला ताणता-दाबता येणारा गोंद. खिळे जुळवणारे जुने लोक हातातल्या पट्टीवर जे करायचे, तेच हे. फरक एवढाच, की तो कामगार एक ओळ भरली की पुढची घ्यायचा, आणि टेक सगळा परिच्छेद समोर ठेवून ओळी कुठे तोडायच्या ते ठरवतो.

शेवटी निघते ती डीव्हीआय फाइल. त्यात कुठले अक्षर पानावर कुठे बसवायचे एवढेच असते, अक्षराचे चित्र नसते. चित्र लावण्याचे काम प्रिंटरच्या ड्रायव्हरचे.

पोर्ट करणे म्हणजे आम्ही नक्की काय केले

पोर्ट करणे म्हणजे दुसरीकडचा प्रोग्राम आपल्या यंत्रावर चालता करणे. टेकचा मूळ स्रोत, म्हणजे माणसाने लिहिलेला प्रोग्रामचा मजकूर, एकाच फाइलमध्ये आहे, सुमारे २५ हजार ओळींचा. कनूथ यांनी तो वेब नावाच्या पद्धतीत लिहिला. प्रोग्राम आणि त्याचे स्पष्टीकरण एकाच मजकुरात विणलेले असते. टँगल नावाचा प्रोग्राम त्यातून पास्कल या संगणकभाषेतला प्रोग्राम काढतो, वीव्ह त्यातूनच छापायला योग्य दस्तऐवज काढतो. या मूळ फाइलला कुणी हात लावायचा नाही. तुमच्या यंत्राला काही वेगळे हवे असेल तर तेवढ्याच ओळी वेगळ्या फाइलमध्ये लिहायच्या: मूळची ओळ अशी, तिच्या जागी ही. तिला चेंज फाइल म्हणतात. टँगल दोन्ही वाचून जोडून घेतो. मूळ प्रोग्रामच्या शेवटी, सूचीच्या अगदी आधी, एक भाग मुद्दाम रिकामा सोडला आहे, ज्याच्या त्याच्या यंत्राच्या खास भरणीसाठी. शेजाऱ्याला अंगणात एक कोपरा काढून द्यावा तसा.

३बी१ वर धड पास्कल मिळवत बसण्यापेक्षा वेबचे सी या दुसऱ्या संगणकभाषेत रूपांतर करून घेणे सोपे. ती वाट आधीच पडलेली आहे. टॉमस रोकिकी यांनी सुरुवात केलेला वेब-टू-सी हा भाषांतर करणारा प्रोग्राम ते काम करतो, आणि निघालेले सी अनेक तुकड्यांत कापून देतो, कारण एवढी मोठी फाइल गिळताना त्या काळच्या कंपायलरचा (स्रोत यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रामचा) घसा अडकायचा.

आमची पहिली चूक इथेच झाली. टेकची मेमरी म्हणजे एक लांबलचक रांग, आणि रांगेतला प्रत्येक खण मुळात चार बाइटचा. त्याच खणात कधीकधी गोंद किती ताणला याचा दशांशातला आकडाही ठेवावा लागतो. आम्ही तो आकडा जसा आला तसा, आठ बाइटचा राहू दिला. एका खणाला आठ म्हणजे सगळ्या खणांना आठ. ३० हजार खणांची रांग १२० हजार बाइटची व्हायची ती २४० हजारांची झाली. एक एमबीच्या यंत्रावर डिस्क खडखडायला लागली आणि पहिले पान यायच्या आत आमचा चहा होऊन कप धुऊन झाले. चेंज फाइलमध्ये एक शब्द बदलला, दशांश चार बाइटचा केला, आणि खडखड थांबली.

यावर एका गिऱ्हाइकाने रास्त शंका काढली: आकडा लहान केला तर अचूकपणा गेला ना? ओळी कुठे तुटणार, पान कुठे संपणार हे टेक पूर्णांकांतच ठरवतो. त्याचे सर्वांत लहान माप एका पॉइंटचा ६५,५३६ वा भाग आहे, आणि एका इंचात ७२.२७ पॉइंट. दशांश येतो तो सगळे ठरून झाल्यावर, गोंद पसरताना. त्यातला फरक ३०० ठिपके प्रति इंचाच्या लेसर प्रिंटरला कळणारही नाही. शिवाय ६८०१० जवळ दशांशाचे गणित करणारी वेगळी चिप नाही, ते सगळे सॉफ्टवेअरमध्ये होते. कनूथ यांनी दशांश इतका कमी वापरला नसता तर हे यंत्र रडले असते.

मोठ्या संचात खणांची रांग साधारण ६५ हजारांपर्यंत नेली आहे. लेटेक (टेकवर रचलेला तयार आज्ञांचा संच) वापरणाऱ्यांनी आणि पुष्कळ आकृत्या असणाऱ्यांनी तोच घ्यावा. नाहीतर "कपॅसिटी एक्सीडेड, सॉरी" हा संदेश येईल, आणि त्यातल्या सॉरीने कुणाचेही समाधान होत नाही.

दुसरी अडचण फाइलींच्या नावांची. या यंत्राच्या युनिक्समध्ये फाइलचे नाव जास्तीत जास्त १४ अक्षरांचे. त्याहून लांब दिले तर यंत्र तक्रार करत नाही, गुपचूप शेपूट कापते. जुन्या पद्धतीच्या पीएक्सएल फॉन्टफाइलींत सॅन्ससेरिफ जाड टाइपाचे नाव रोमन लिपीत १६ अक्षरांचे होते. म्हणून आम्ही सगळे फॉन्ट पीके या दाबलेल्या रूपात दिले आहेत. तेच नाव तिथे मोजून १४ भरते. पीके डिस्कवर जागाही पुष्कळ कमी घेते, आणि २० एमबीच्या डिस्कवर ही काही थोडकी गोष्ट नाही.

ट्रिप चाचणी

प्रोग्राम कंपाइल झाला, एक पान बरे निघाले, म्हणजे तो टेक झाला असे नाही. कनूथ यांनी ट्रिप नावाची एक चाचणी सोबत दिली आहे. तिची फाइल कुणी शहाण्या माणसाने लिहिलेली वाटत नाही, आणि तेच तिचे काम आहे. टेकच्या ज्या वाटांवर एरवी वर्षानुवर्षे कुणी पाऊल टाकत नाही, त्या सगळ्या वाटांनी ती प्रोग्रामला फरपटत नेते. चाचणीसाठी टेक वेगळा बांधावा लागतो, फक्त ३ हजार खणांच्या मेमरीचा. मग निघालेली लॉग फाइल (टेकने काय काय केले त्याची नोंद) कनूथ यांनी दिलेल्या फाइलशी ओळीओळीने ताडायची. तारीख-वेळ, मेमरीच्या वापराचे आकडे आणि गोंदाच्या दशांशातले शेवटचे अंक वेगळे आले तर चालते. बाकी काही वेगळे आले, तर त्या प्रोग्रामला टेक म्हणायचे नाही.

आमच्या संचाचा ट्रिपचा निकाल आठव्या फ्लॉपीवर आहे. आम्ही सांगतो म्हणून विश्वास ठेवू नका, ताडून पाहा. आम्हाला पहिल्या खेपेला दोन ओळी जास्तीच्या वेगळ्या आल्या होत्या. दोन रात्री स्रोत धुंडाळला आणि दोष निघाला कंपायलरच्या ऑप्टिमायझरचा, म्हणजे प्रोग्राम वेगवान करणाऱ्या भागाचा. तो बंद ठेवून तेवढी एक फाइल पुन्हा बांधली. तेव्हापासून घरात नियम झाला आहे: आधी संशय ऑप्टिमायझरवर, मग स्वतःवर, कनूथ यांच्यावर अगदी शेवटी. (क्रम पहिल्या दोघांचा उलटा असावा असे आमच्यातल्या एकाचे मत आहे.)

एका प्रबंधाची गोष्ट

एका काकांनी १९८५ सालचा प्रबंध आणला. स्रोत फाइल शाबूत होती. आमच्या टेकने ती वाचली आणि एएमआर१० हा फॉन्ट मागितला. आज सगळ्यांच्या ओळखीचा आहे तो सीएमआर१०, कॉम्प्युटर मॉडर्न. पण तो पक्का होण्याआधी काही वर्षे त्याचा कच्चा भाऊ वापरात होता, त्याच्या नावात सीएमऐवजी एएम. आम्ही नाव बदलून चालवले. पाने सुंदर आली, पण काकांनी जुनी छापील प्रत शेजारी ठेवली आणि म्हणाले, "हा परिच्छेद माझ्याकडे सात ओळींचा आहे, तुमच्याकडे आठ." बरोबर होते. दोन्ही टाइपांतल्या अक्षरांच्या रुंदी थोड्या वेगळ्या, म्हणून ओळी वेगळ्या तुटल्या, आणि दोन-तीन प्रकरणांनंतर पानांचे आकडेही सरकले.

त्यांच्याच एका फ्लॉपीवर जुन्या टाइपाची टीएफएम फाइल निघाली. टेकला ओळी तोडायला अक्षराची चित्रे लागत नाहीत, मापे पुरतात, आणि मापे टीएफएममध्ये असतात. जुनी मापे देऊन जुळणी केली, चित्रे नव्या टाइपाची लावली. ड्रायव्हरने चेकसम (मापे आणि चित्रे एकाच टाइपाची आहेत ना ते तपासणारा आकडा) जुळत नाही अशी तक्रार केली, ती ऐकून सोडून दिली. अक्षरे काही ठिकाणी किंचित दाटीवाटीने बसली आहेत, पण प्रत्येक ओळ जिथल्या तिथे तुटली.

म्हणून विनंती: जुन्या फ्लॉप्या आणाल तेव्हा निवडून आणू नका, सगळ्या आणा. आणि डीव्हीआय फाइल सापडली तर ती पुसू नका. ती यंत्रावर अवलंबून नसते, कुठेही नेली तरी तीच. याउलट फॉरमॅट फाइल म्हणजे टेकच्या मेमरीची जशीच्या तशी उतरवलेली प्रत. ती ज्या बांधणीने काढली तिच्यासाठीच चालते. दुसऱ्याच्या संचातली फॉरमॅट फाइल आपल्याकडे घालून "चालत नाही" म्हणून कळवू नका.

वाटणे

त्या काळी असा संच वाटायचा तर वॉशिंग्टन विद्यापीठाकडून येणारी युनिक्स-टेकची टेप, किंवा मित्राच्या फ्लॉप्या, किंवा टेलिफोन. १२०० बॉडच्या मोडेमवरून सेकंदाला सुमारे १२० अक्षरे जातात. एक एमबी जायला सव्वादोन तासांहून जास्त. फाइल दाबून लहान करायची, पण मजकुराच्या मार्गाने पाठवता यावी म्हणून तिचे पुन्हा साध्या अक्षरांत रूपांतर करायचे, त्यात तीन बाइटची चार अक्षरे व्हायची. मग ६४ केबीच्या आतले तुकडे करायचे, कारण वाटेतली काही यंत्रे त्याहून लांब टपाल मध्येच तोडत. पंधरापैकी चौदा तुकडे आले आणि नववा आला नाही, हा अनुभव त्या पिढीतल्या प्रत्येकाला आहे. तरी लोक रात्र-रात्र हे करत, कारण टेक वाटायला परवानगी लागत नाही.

आता त्या सात फ्लॉप्या. त्यांत टेकचा मूळ स्रोत, आमची चेंज फाइल, मेटाफॉन्ट या टाइप आखण्याच्या भाषेतले फॉन्टांचे स्रोत आणि चाचणीचे निकाल आहेत. हा डबा तुम्ही कुणालाही उतरवून देऊ शकता, आम्हाला न विचारता. दिलात तर अकराही द्या. फक्त चार दिल्या तर घेणाऱ्याला पान मिळेल, पण उद्या दुसरे यंत्र आले तर तो पुन्हा शून्यापासून सुरुवात करेल. मूळ फाइलमध्ये बदल करायचा असेल तर जरूर करा, मात्र मग तिला टेक हे नाव लावू नका. कॉम्प्युटर मॉडर्न टाइपांनाही हाच नियम.

यंत्राच्या युनिक्सच्या मूळ फ्लॉप्या आम्ही उतरवून देत नाही. त्या कुणाच्या तरी मालकीच्या आहेत, फोनवर कितीही गोड बोललात तरी. आमच्या बिलात जे लिहिले आहे ते फ्लॉपी, टपाल आणि हाताची मजुरी. सॉफ्टवेअरच्या रकान्यात शून्य आहे, ती छपाईची चूक नाही.

मराठी छापता येईल का

येईल. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या फ्रान्स व्हेल्तहाउस यांनी १९९१ च्या सुमारास टेकसाठी देवनागरी टाइप मेटाफॉन्टमध्ये केला आणि सोबत सी भाषेतला एक पूर्वप्रोग्राम दिला. मजकूर रोमन अक्षरांत ठरलेल्या खुणांनी टंकायचा, पूर्वप्रोग्राम त्याची जोडाक्षरे लावून टेकला देतो. आम्ही ते वेगळ्या फ्लॉपीवर देतो, मागितले तरच. सवय व्हायला आठवडा लागतो. प्रुफे नीट वाचा, विशेषतः "वाऱ्यावर"मधला र. हे पत्रक मात्र आम्ही आजच्या संगणकावर जुळवले आहे, ते कबूल केलेले बरे.

बसवताना

फ्लॉप्या क्रमाने घाला. पहिल्या फ्लॉपीवरची वाचा-फाइल आधी उघडा. ड्राइव्ह अनेक वर्षे बंद असेल तर आमची फ्लॉपी घालण्याआधी निरुपयोगी फ्लॉपी घालून पाहा. ड्राइव्हच्या वाचणाऱ्या डोक्यावर धूळ असली की पहिली फ्लॉपी खरवडली जाते. आमची खरवडली तर एकदा बदलून देऊ. यंत्र उघडण्याच्या भानगडीत न पडता नुसते वापरून पाहायचे असेल तर फ्रीबी नावाचा ३बी१ चा एम्युलेटर (आजच्या संगणकावर त्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम) आहे.

काही बिघडले तर अख्खे यंत्र पार्सलने पाठवू नका, मॉनिटर वाटेत फुटतात. लॉग फाइल पाठवा, तीही पूर्ण, शेवटच्या चार ओळींचा फोटो नव्हे. परतीचे लेबल डब्याच्या झाकणाला आतून चिकटवले आहे.