खाटेच्या हिशोबात न बसणारे काम: पेसमेकर क्लिनिकमधील परिचारिकांचे वेतन आणि संख्याबळ

पेसमेकर किंवा आयसीडी (हृदयाचा ताल जीवघेणा बिघडल्यास विजेचा झटका देणारे यंत्र) बसवलेला रुग्ण नियमित तपासणीला येतो तेव्हा तो रुग्णालयात दाखल होत नाही. तो टेबलावर आडवा होतो, परिचारिका त्याच्या छातीवर, कातडीखालच्या यंत्राच्या उंचवट्यावर प्रोग्रॅमरचे, म्हणजे यंत्र तपासणाऱ्या संगणकाचे, टोक ठेवते आणि तपासणी आटोपली की तो घरी जातो. आपल्याकडे परिचारिकांची संख्या आणि त्यांचा पगार यांचे निकष मात्र प्रामुख्याने खाटा मोजून ठरत आले आहेत. या विशेष क्लिनिकमधील परिचारिकांवर होणाऱ्या अन्यायाचे मूळ मला या विसंगतीत दिसते.

खाटा मोजण्याची पद्धत चुकीच्या हेतूने आली नव्हती. देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा आढावा घेणाऱ्या भोर समितीने 1946 मध्ये अहवाल दिला तेव्हा देशात सुमारे 7,000 नोंदणीकृत परिचारिका होत्या, म्हणजे साधारण 43,000 लोकांमागे एक. रात्रपाळीला वॉर्डात कोणी असेल की नाही, हाच त्या काळचा प्रश्न होता. 1947 च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय परिचर्या परिषदेने पुढे अध्यापन रुग्णालयात तीन खाटांमागे एक, सर्वसाधारण रुग्णालयात पाच खाटांमागे एक आणि अतिदक्षता विभागात खाटेमागे एक परिचारिका, वर रजेसाठी 30 टक्के राखीव, असे प्रमाण सांगितले. हे प्रमाण वॉर्डासाठी योग्यच आहे आणि तेही अनेक ठिकाणी पाळले जात नाही, हे दुःख वेगळे. पण घरी बसलेल्या, तरीही रुग्णालयाच्या देखरेखीखाली असलेल्या रुग्णाला या हिशोबात जागा नव्हती.

तसा रुग्ण 8 ऑक्टोबर 1958 रोजी स्वीडनमध्ये जन्माला आला, असे म्हणता येईल. त्या दिवशी शल्यविशारद ओके सेनिंग यांनी रुने एल्मक्विस्ट यांनी बनवलेला पेसमेकर आर्ने लार्सन यांच्या शरीरात बसवला. तो काही तासांतच बंद पडला, परंतु लार्सन 2001 पर्यंत जगले आणि त्या 43 वर्षांत त्यांना वीसहून अधिक यंत्रे बदलावी लागली. शस्त्रक्रिया करणाऱ्याचे काम टाके घातले की संपते, यंत्रावर नजर ठेवणाऱ्याचे तिथून पुढे आयुष्यभर चालते, हे या पहिल्याच रुग्णाने दाखवून दिले.

ही नजर ठेवणे म्हणजे काय, हे थ्रेशोल्डच्या, म्हणजे ठोका उमटवायला लागणाऱ्या किमान व्होल्टेजच्या, चाचणीवरून कळेल. परिचारिका प्रोग्रॅमरवरून यंत्राचा व्होल्टेज पायरीपायरीने खाली आणते आणि तिचे डोळे पडद्यावरच्या ईसीजीवर असतात. एका क्षणी पेसमेकरची उभी रेघ दिसते, पण तिच्यामागे हृदयाचा ठोका उमटत नाही. रुग्ण पूर्णपणे यंत्रावर अवलंबून असेल तर त्या क्षणी त्याला भोवंड येऊ शकते, म्हणून ठोका चुकताक्षणी तिने व्होल्टेज परत वर न्यायचा असतो. मग लीडचा, म्हणजे यंत्रापासून हृदयापर्यंत जाणाऱ्या तारेचा, रोध पाहायचा, कारण तो एकाएकी वाढला तर लीड तुटल्याची आणि घसरला तर तिचे आवरण फाटल्याची शंका घ्यावी लागते. बॅटरी पाहायची, साठलेल्या नोंदी वाचायच्या. शिवाय प्रत्येक कंपनीचा प्रोग्रॅमर वेगळा असल्याने हे सारे चार-पाच पद्धतींनी यावे लागते. हे कौशल्य वर्षानुवर्षांच्या सरावाने येते आणि अशी सिस्टर दुसऱ्या विभागात बदलून गेली की क्लिनिक पांगळे होते.

दूरस्थ देखरेखीने या कामाचे रूपच बदलले. 2000 नंतरच्या दशकात यंत्रे घरातूनच माहिती पाठवू लागली. ऑक्टोबर 2007 मध्ये स्प्रिंट फिडेलिस ही आयसीडीची लीड तुटण्याच्या धोक्यामुळे बाजारातून काढण्यात आली, तेव्हा जगभरात अशा सुमारे 2,68,000 लीड बसवलेल्या होत्या. रुग्ण शोधणे, त्यांना बोलावणे, इशाऱ्यांच्या मर्यादा बदलणे आणि घाबरलेल्या माणसांना धीर देणे, हा सगळा भार क्लिनिकवर आला. 2015 मध्ये हृदयतालतज्ज्ञांच्या अमेरिकेतील संघटनेने दूरस्थ देखरेख हीच नेहमीची पद्धत असावी, असे सांगितले. त्यासाठी माणसे किती हवीत, याचा आकडा आंतरराष्ट्रीय सहमतीपत्रात आला तो 2023 मध्ये: दूरस्थ देखरेखीखालील 1,000 रुग्णांमागे पूर्णवेळ तीन कर्मचारी. इथे खाटेऐवजी रुग्ण मोजला गेला.

भारतातला वेतनाचा लढा मात्र खाटेभोवतीच राहिला. 2011 च्या सुमारास मुंबई, दिल्ली आणि केरळमधील खासगी रुग्णालयांतील परिचारिका तुटपुंजा पगार, ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचे बाँड आणि अडकवून ठेवलेली मूळ प्रमाणपत्रे यांविरुद्ध संपावर गेल्या. 1908 मध्ये स्थापन झालेल्या ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडियाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 29 जानेवारी 2016 रोजी समिती नेमण्याचा आदेश दिला. तिने 200 हून अधिक खाटांच्या रुग्णालयात राज्य शासनाइतका पगार, 100 हून अधिक खाटा असल्यास त्याहून फार तर 10 टक्के कमी, 50 ते 100 खाटांना फार तर 25 टक्के कमी आणि त्याखाली किमान 20,000 रुपये, अशी शिफारस केली. केरळने 2018 मध्ये किमान वेतनाची अधिसूचना काढली. आरोग्य हा राज्यांचा विषय असल्याने बाकीचे राज्याराज्यांवर राहिले.

ही शिफारस परिचारिकांच्या लढ्याचे मोठे यश आहे, यात शंका नाही. तरीही तिच्यानुसार फक्त हृदयरोगावर उपचार करणाऱ्या 60 खाटांच्या रुग्णालयात हजारो पेसमेकरधारकांची देखरेख करणाऱ्या परिचारिकेला, त्याच शहरातल्या मोठ्या रुग्णालयाच्या सामान्य वॉर्डातील परिचारिकेपेक्षा चतुर्थांश कमी पगार देणे नियमात बसते. परिचर्या परिषदेचा हृदय व छातीच्या शुश्रूषेचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम तिने पूर्ण केला असला, तरी या टप्प्यांत त्याची वेगळी दखल नाही.

या पोकळीत आपल्याकडे ‘कंपनीचा माणूस’ आला. अनेक क्लिनिकमध्ये प्रोग्रॅमर घेऊन तोच येतो, तोच तपासतो, आणि सिस्टर फाईल धरून शेजारी उभी असते. तो बहुधा आपल्या कामात तरबेज असतो, त्याच्याविषयी माझी तक्रार नाही. परंतु त्याचा पगार यंत्र विकणारी कंपनी देते, म्हणून रुग्णालयाच्या जमाखर्चात हे काम दिसतच नाही, आणि जे काम दिसत नाही त्यासाठी पद मंजूर करून घेणे कोणत्याही परिसेविकेला जमलेले नाही.