बुबुळातला पू येतो कुठून? डोळ्याच्या प्रतिकारशक्तीच्या शोधाची पार्श्वभूमी

बेळगाव सीमाभागात खानापूरकडे भाताची मळणी आणि चिकोडी, अथणी, हुक्केरी पट्ट्यात ऊसतोडणी सुरू झाली की डोळ्यात कुसळ जाणे किंवा उसाचे पाते चाटून जाणे ही नित्याची बाब होते. बहुतेक वेळा डोळा दोन दिवस चुरचुरतो आणि बरा होतो. मात्र पारपटलावर, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर, पडलेल्या ओरखड्यातून जिवाणू आत शिरले तर जखम पांढुरकी होते, डोळ्यात पू साठतो आणि जखम भरल्यानंतरही तिथे कायमचे फूल पडते. हे फूल जंतूंनी पाडले असे आपण सहज म्हणतो. गेल्या दीडशे वर्षांच्या संशोधनाने दाखवले ते असे की या नुकसानीत शरीराच्या स्वतःच्या संरक्षक पेशींचा वाटाही फार मोठा असतो, आणि उपचाराविषयीचे आजचे सगळे वाद तिथूनच निघतात.

मुळात पारपटलात रक्तवाहिन्या नसतात. असत्या, तर ते पारदर्शक राहिलेच नसते. एकोणिसाव्या शतकातल्या संशोधकांना त्यामुळे एक आयती संधी मिळाली. पू ज्या पेशींचा बनतो त्या पेशी जखमेच्या जागीच तयार होतात, असे जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिरखो यांचे वजनदार मत होते. त्यांचेच शिष्य युलियस कोनहाइम यांनी 1867 मध्ये बेडकाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींना रंगाने खूण केली, त्याच्या पारपटलाला इजा केली आणि खुणेच्या पेशी त्या रक्तविरहित पडद्यात आलेल्या दाखवल्या. पू रक्तातून येतो, हे त्यामुळे दिसले.

पुढचा धागा तर थेट खळ्यावरचाच आहे. 1879 मध्ये जर्मन नेत्रतज्ज्ञ थिओडोर लेबर यांनी एका शेतकऱ्याची नोंद केली. मळणी करताना ओट या धान्याचा भुसा उडून त्याच्या डोळ्याला इजा झाली होती आणि पारपटलात अ‍ॅस्परजिलस नावाची बुरशी वाढली होती. लेबर तेवढ्यावर थांबले नाहीत. सशांच्या डोळ्यांवर प्रयोग करून त्यांनी 1888 मध्ये मांडले की पांढऱ्या पेशी भरकटत येत नाहीत, तर जंतूंकडून येणाऱ्या रासायनिक खुणांच्या दिशेने ओढल्या जातात. रशियन जीवशास्त्रज्ञ एली मेचनिकॉफ यांनी 1882 मध्ये इटलीतल्या मेसिना येथे तारामाशाच्या अळ्यांत जंतुभक्षक पेशींची कल्पना मांडली, तिला 1908 चे नोबेल मिळाले आणि ती सर्वांना माहीत झाली. लेबर मात्र नेत्रतज्ज्ञांच्या वर्तुळाबाहेर फारसे कोणाला आठवत नाहीत, हे मला अन्यायाचे वाटते.

पेशी येण्याआधी अश्रूच पहारा देतात. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी 1922 मध्ये नाकातल्या स्रावातून लायसोझाइम हे जिवाणूंची भिंत विरघळवणारे विकर (एन्झाइम) शोधल्याचे प्रसिद्ध केले आणि ते अश्रूंत भरपूर असल्याचे दाखवले. प्रयोगासाठी लागणारे अश्रू ते सहकाऱ्यांच्या डोळ्यांत लिंबाच्या सालीचा रस पिळून मिळवत. अश्रूंत लोह बांधून ठेवणारे लॅक्टोफेरिन आणि आयजीए जातीची प्रतिपिंडेही असतात. गावाकडे लाल झालेल्या डोळ्यात बाळंतिणीचे दूध घालण्याची रीत आहे, आणि त्या दुधातही लायसोझाइम व आयजीए असतात हे खरे आहे. पण हाताळलेले दूध निर्जंतुक नसते. उघड्या जखमेवर ते, किंवा एरंडेल वा पाल्याचा रस, घातल्याने नवे जंतू आत जाण्याची भीती अधिक असते.

डोळ्याने स्वतःच्या प्रतिकारशक्तीला लगाम घातलेला असतो, हे कळायला बराच काळ गेला. 1905 मध्ये नेत्रतज्ज्ञ एडुआर्ड झिर्म यांनी आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या ओलोमोउत्स येथे मानवी पारपटलाचे पहिले यशस्वी रोपण केले, तेव्हा परका पडदा शरीराने का स्वीकारला याचे उत्तर कोणाकडेच नव्हते. ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ पीटर मेडावर यांनी 1948 मध्ये सशाच्या डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात परकी त्वचा ठेवून ती इतर ठिकाणापेक्षा अधिक टिकते हे दाखवले आणि डोळ्याला प्रतिकारशक्तीकडून मिळणाऱ्या या सवलतीची चर्चा सुरू झाली. या सवलतीमागे कारण आहे. त्वचेवर दाह होऊन वण राहिला तर काही बिघडत नाही, पण पारपटलातले कोलॅजेन या प्रथिनाचे तंतू विशिष्ट अंतराने रचलेले असतात म्हणूनच त्यातून प्रकाश आरपार जातो. ती रचना मोडली की दृष्टी जाते.

स्यूडोमोनाससारख्या जिवाणूच्या संसर्गात नेमके हेच घडते. पारपटलाच्या पेशी जिवाणूंचे घटक ओळखतात (ही ओळख पटवणाऱ्या टोल वर्गातील ग्राहकांवरच्या, म्हणजे पेशीवरच्या रिसेप्टर रेणूंवरच्या, संशोधनाला 2011 च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला) आणि काही तासांत न्यूट्रोफिल जातीच्या पांढऱ्या पेशी पारपटलाच्या कडेच्या रक्तवाहिन्यांतून धावून येतात. त्या नसत्या तर जिवाणू मोकाट वाढले असते. पण जंतू मारण्यासाठी त्या सोडतात ती विकरे कोलॅजेनही वितळवतात. जिवाणूंची विकरे त्यात भर घालतात आणि दोन-तीन दिवसांत पारपटलाला भोक पडू शकते. बुबुळापुढे तळाशी साचलेला पू पाहून घरची माणसे घाबरतात. पण पारपटल फाटलेले नसेल तर त्या पुवात बहुधा जिवाणू नसतात, केवळ आलेल्या पेशी असतात.

खुपऱ्या (ट्रॅकोमा) या डोळ्याच्या रोगाचा इतिहासही याच दिशेचा आहे. क्लॅमिडिया या जिवाणूच्या वारंवार संसर्गाने पापणीच्या आत जे वण पडतात ते मुख्यतः शरीराच्या प्रतिसादाचे असतात. या रोगावरच्या 1960 च्या दशकातल्या लसींचे संरक्षण अल्पकाळ टिकले. भारतात खुपऱ्या ही आता सार्वजनिक आरोग्याची समस्या राहिली नसल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर 2024 मध्ये मान्य केले.

कॉर्टिसोन या स्टिरॉइडचा दाहशामक गुण 1949 मध्ये जाहीर झाल्यावर स्टिरॉइडचे थेंब डोळ्यांसाठी आले आणि प्रश्न उभा राहिला: पेशींना आवरले तर वण कमी होईल, पण जंतूंना मोकळीक मिळेल का? प्रामुख्याने तामिळनाडूतल्या अरविंद नेत्र रुग्णालयांत झालेल्या, 500 रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष 2012 मध्ये आले. सर्वांना आधी 48 तास मॉक्सिफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक देऊन मग निम्म्यांना स्टिरॉइड दिले होते. तीन महिन्यांनी एकूण दृष्टीत फरक आढळला नाही. ज्यांची दृष्टी सुरुवातीला फारच गेली होती त्यांना काहीसा लाभ दिसला, तर नोकार्डिया जिवाणूच्या रुग्णांत जखम अधिक मोठी राहिली.

ही चाचणी जिवाणू सिद्ध झालेल्या रुग्णांपुरती होती, हे सीमाभागात विशेष लक्षात ठेवायला हवे. दक्षिण भारतात शेतीकामातल्या इजेनंतर होणाऱ्या संसर्गांत बुरशीचे प्रमाण मोठे असते आणि बुरशीत स्टिरॉइडने दुखणे चिघळते. वरून पाहून दोन्हींतला फरक खात्रीने सांगता येत नाही, जखमेचा खरवडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. मिरजेत 1894 मध्ये मिशन रुग्णालय सुरू झाले आणि बेळगावात 1963 पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, म्हणजे तपासणीसाठी फार लांब जावे लागते असेही नाही. तरीही मेडिकल दुकानातून स्टिरॉइड आणि प्रतिजैविक एकत्र असलेली बाटली चिठ्ठीविना घेतली जाते. तिने लाली ओसरते, कारण पेशी मागे हटतात, आणि डोळा बरा झाला असे वाटत असताना संसर्ग खोल जात राहतो.